काशिनाथअप्पाची खुनाची पोथी

परळीत माझ्याएवढ्या कादंबऱ्या कुणाच्या झाल्या नसतील, हे मी कुठंबी छाती ठोकून सांगतो. त्यातली वाचलेली एकबी न्हाई, कारण मला वाचता येत न्हाई.

मी मारोती. इस्त्री करतो. काशिनाथअप्पाच्या कापड दुकानाला लागून एक जिना हाय, त्या जिन्याखाली माझं टेबल. परळीत विजेच्या कारखान्यामुळं हवेत राख आसती, हे लेकराला बी ठावं हाय. मी पांढरा सदरा इस्त्री करून घडी घालंपर्यंत त्याचा रंग बदलतो. गिऱ्हाईक म्हणतं, काय बे मारत्या, राखंत लोळवलास का? मी म्हणतो, व्हय. भांडून तरी काय मिळतंय.

तर अप्पा. अप्पाचं आसं व्हतं की खून झाला की ते घंटी वाजवायचे.

कादंबरीतला खून म्हणतोय मी. अप्पा खुनाच्या कादंबऱ्या पोथीवानी वाचायचे. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, वर माडीवर जायचं, हातपाय धुवायचे, कपाळाला भस्म लावायचं. चौरंगावर पुस्तक ठेवायचं, पुस्तकाच्या पाया पडायचं आन मग सूर लावायचा. "आणि त्या काळोख्या खोलीत-अ, गालिच्यावर प्रेत पडले होते-ए, त्याच्या पाठीत सुरा होता-आ." अध्याय संपला की घंटी. अप्पाच्या वडलांनी त्यास्नी लहानपणी मठात पोथी वाचायला बसवलं व्हतं, त्यामुळं मोठ्यानं वाचायचं म्हणलं की त्यास्नी तेवढा एकच सूर ठावा. पेपर बी त्याच सुरात. एकदा लाईट बिल वाचायलते, तर जिन्यातून जाणारी म्हातारी चप्पल काढून हात जोडून हुबी ऱ्हायली.

पोथीला तिघं लागतेत. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा आन एक हुंकार देणारा. अर्थ सांगायला अप्पाची बायकू, आमच्या काकू. हुंकार देणाऱ्याचं काम एवढंच, की वाचणारा थांबला की हं म्हणायचं. हं म्हणणारं कुणी नसलं की वाचणाऱ्याला वाटतं आपण भिताडाला सांगायलोत. ह्या दोघांकडं हुंकाराला माणूस नव्हता. एका दुपारी खाली माझ्या बोटाला इस्त्रीचा चटका बसला आन मी वरडलो. नेमका तवाच वर गालिच्यावर खून पडलता. काकू म्हणल्या, बघा, मारोतीला बी किती वाईट वाटलं, वर बोलवा त्याला. तवापासून मी हुंकाराला. शाळेत गेलो आसतो तर मास्तर झालो आसतो, न्हाई गेलो म्हणून हं झालो.

पुस्तकं पुण्याहून यायची. अप्पाचा पोरगा महेश तिथं कंपनीत हाय. पयल्यांदा तो सोत्ता यायचा, संगं एखादं पुस्तक आणायचा. मग त्याचं येणं कमी व्हत गेलं आन पुस्तकं वाढत गेली. पार्सल घेऊन कुरिअरवाला आला की काकू जिन्यावरनं वाकून बघायच्या, त्याच्या मागं आणखीन कुणी उतरतंय का. कुणी उतरायचं न्हाई. मग म्हणायच्या, आण रे वर, ह्या बारीला कुणाला मारलंय बघू.

मला अक्षर येत न्हाई, म्हणून मी पुस्तकं कव्हरावरनं वळखायचो. बंद खिडकीवालं, पाठमोऱ्या बाईचं, लाल हातमोज्याचं. पर दोघांची मतं आजूक तोंडपाठ हायेत माझ्या.

अप्पा कापडवाले, ते पुस्तक बी बोटात चुरगाळून बघितल्यावानी बघायचे. खुनी लवकर वळखू आला की म्हणायचे, पयल्याच धुण्यात रंग सोडला. पुस्तक जाड आन आत काय न्हाई, तर, पन्हा मोठा हाय पर सूत कच्चं. शेवट जोडकामाचा वाटला की पुस्तक मिटून म्हणायचे, काठ दुसऱ्याच लुगड्याचा लावलाय ह्यानं.

काकूची तक्रार एकच आसायची. कुणी जेवत न्हाई.

"तपासाचा साहेब सकाळधरनं हिंडायलाय," त्या अर्थ सांगायच्या, "त्यानं चहा पिला, सिगरेट वढली, परत चहा पिला. भाकर कुठं हाय? ह्याची बायकू काय करती? आसल्या उपाशी माणसाला खुनी कसा सापडावा?" दुसरं म्हंजी, मडं पडलेलं आसतंय, समदे बोटांचे ठसे बघतेत, पर रडत कुणीच न्हाई. म्हणून काकू सोत्ता डोळ्याला पदर लावायच्या. खून झाला त्या दिवशी घरात गोड शिजत नव्हतं. मेलेला माणूस लबाड निघाला तरी न्हाई. म्हणायच्या, लबाडाला बी आय आसतीच की.

पोथी सुरू केली की अर्धी टाकून उठायचं न्हाई, हा त्यांचा कायदा. शेवटचं पान आदी उघडून बघायचं न्हाई, हा दुसरा. आन खुनी सापडला की समाप्ती. समाप्तीला शिरा. काकू ताट घेऊन गल्लीत फिरायच्या. बाया इचारायच्या, कशाचा परसाद? काकू सांगायच्या, भाचाच निघाला, हिस्श्यासाठी मारलं. बाया शिरा डोळ्याला लावून खायच्या.

महेश दुसऱ्या जातीची पुस्तकं बी धाडायचा, आजकालच्या घरातली. त्यात खून न्हाई, चोरी न्हाई. नवरा एका खोलीत, बायकू दुसऱ्या खोलीत, दोघं आपापल्या फोनकडं बघतेत आन दोघास्नी बी दुःख हाय. अप्पाला त्याचा लई राग. म्हणायचे, हा लेखक म्हंजी दुकानात येऊन समदे तागे उघडून बघतो आन काय न घेता जातो, तसलं गिऱ्हाईक. मला बी ती पुस्तकं अवघड जायची, कारण हं कुठं म्हणावं तेच कळायचं न्हाई. पर काकू तीच कान देऊन ऐकायच्या. मधीच इचारायच्या, सोफ्याचा रंग लिव्हलाय का बघा. बाल्कनीत तुळस हाय का? अप्पा म्हणायचे, तुळशीचं काय इथं न्हाई. काकू म्हणायच्या, महेशच्या घरी बी नव्हती.

त्यातल्याच एका पुस्तकात आय गावाकडून फोन करती आन पोरगा फोन पालथा ठेवून देतो, आसं आलं. अप्पानं तो अध्याय सूर सोडून भराभरा वाचला. त्या दिवशी काकूंनी अर्थ सांगितला न्हाई. मी एकटाच हं म्हणलो, आन म्हणल्यावर मलाच कसंतरी झालं.

दिवाळीच्या आदी काकूच्या पोटात दुखायला लागलं. महेशनं पुण्याला नेऊन मोठ्या दवाखान्यात दाखवलं. महिनाभर तिथं ऱ्हाऊन आले. उतरताना काकू एवढ्याशा झालत्या, की मला वाटलं रिक्षात फक्त चादरीच हायेत. डॉक्टर म्हणले व्हते, आता घरी न्या, खावं वाटंल ते खाऊ द्या. आन खावं वाटायचंच तर बंद झालतं. चमच्यानं पेज घातली तरी भाईर.

दवाखान्यात जायच्या आदी लाल हातमोज्याचं पुस्तक लावलं व्हतं, ते अर्धं ऱ्हायलतं. खाटेवर टेकल्या टेकल्या काकूनं चौरंगाकडं बोट केलं. म्हणल्या, "पोथी अर्धी हाय. खुनी कोण ते कळल्याबिगर मी कुठं जात न्हाई."

मी हसलो. अप्पा हसले न्हाईत.

परत दुपारच्या बैठका सुरू झाल्या. काकू डोळे मिटून पडायच्या, अर्थ बारीक आवाजात सांगायच्या. मी दाराशी बसायचो. आठ-पंधरा दिवस पुस्तक नेहमीवानी चाललं, साहेब आपला चहा-सिगरेटीवर. मग एका दुपारी अप्पानं सूर लावला, "आणि तो साहेब-अ घरी आला-आ, हातपाय धुऊन पाटावर बसला-आ. त्याच्या पत्नीने त्यास-अ ज्वारीची ऊन भाकर वाढली-ई."

काकूनं डोळे उघडले.

"काय म्हणलाव? भाकर?"

"भाकर," अप्पा पुस्तकात बघून म्हणले. "आणि येसराची आमटी-ई."

काकू म्हणल्या, आता कसं. आता सापडंल त्याला खुनी.

पर खुनी सापडंना. साहेब रोज जेवायला लागला. एके दिवशी धपाटे आन दही, एके दिवशी शेंगोळे. साक्षीदाराकडं चौकशीला गेला तर त्यानं सीताफळं फोडून म्होरं ठेवली. गुन्हेगार पकडायला गाडी काढली तर बायकूनं डबा दिला, आन गाडी थांबवून साहेबानं आन हवालदारानं लिंबाखाली तो डबा खाल्ला, त्यातच एक अध्याय गेला. साहेबाची बायकू बी बोलायला लागली. साहेब तिला म्हणायचा, तू जेवलीस का? ती म्हणायची, तुमचं व्हऊ द्या. तो म्हणायचा, न्हाई, आज संगंच बसू. काकूचे ओठ हलायचे तवा. चावल्यावानी.

आन संशयित वाढत चालले. एक सोलापूरचा चादरीचा व्यापारी आला. एक टेम्पोवाला आला. एके दुपारी तर एक इस्त्रीवाला आला, बंगल्याच्या जिन्याखाली बसणारा. त्या दिवशी हं म्हणताना माझा आवाज निघंना. दोन अध्याय माझी झोप उडालती, मग साहेबानं त्याला मूर्ख म्हणून सोडून दिलं.

आता माझ्या अकलेचं सांगतो. मला कोळसा, राख ह्यातलं कळतं. पयले अप्पा पान उलटायच्या आदी त्याच्यावर फुंकर मारायचे, राख उडवायला. ती फुंकर बंद झालती. चौरंगावर पुस्तक उघडं आसायचं आन दोन्ही पानांवर माझ्या टेबलावर बसतो तसला करडा थर. म्हंजी पान उलटतच नव्हतं. एवढं म्या बघितलं. आन बघून काय ठरवलं, तर ह्या पुस्तकात अक्षर लई बारीक आसंल, एका पानात लई माल बसवलाय. लिव्हणाराचं मला कौतुक वाटलं. मी गिऱ्हाइकास्नी सांगत सुटलो, की आमच्या अप्पाकडं आसं पुस्तक हाय, ज्याचं एक पान संक्रांत झाली तरी संपंना.

त्यात एक कॉलेजच्या मॅडम व्हत्या, साड्या द्यायच्या इस्त्रीला. त्यांनी कव्हर कसं हाय इचारलं. म्या लाल हातमोजा सांगितला. त्या म्हणल्या, अहो ते तर मी एका बैठकीत संपवलं, शेवटी डॉक्टरच खुनी निघतो. म्या म्हणलं, आन साहेबाचे धपाटे? त्या म्हणल्या, कसले धपाटे? त्यात कुणीच काही खात नाही.

ते शेवटचं बी म्या ऐकलं. कान धड हायेत माझे. पर डोक्यात शिरलं न्हाई, कारण डोक्यात डॉक्टर बसलता. जलमात पयल्यांदा आसं झालतं, की पुस्तकातली गोष्ट मला म्हाईत आन अप्पाला न्हाई. मॅडमची साडी तशीच टाकून मी जिना चढलो. वाटलं, आज मी अर्थ सांगणार.

वर अप्पाचा सूर लागलता. साहेब पाटावर बसलता. ताटात भाकर व्हती, वर लोण्याचा गोळा व्हता, आन साहेब पयला घास मोडायलता. अप्पा हुंकारासाठी थांबले.

मी म्हणलो, "अप्पा, उगं कावून लांबवायलाव? खुनी डॉक्टर हाय. करा शिरा."

अप्पाचं तोंड उघडं व्हतं ते तसंच ऱ्हायलं. चष्म्याआड डोळे माझ्याकडं न्हाईत, पुस्तकाकडं न्हाईत, काकूकडं गेले. इस्त्री लोकाच्या सदऱ्यावर इसरली की आदी वास येतो आन मग ध्यानात येतं. तसा वास मला तवा आला. धपाटे. राख. कुठं जात न्हाई म्हणलेल्या काकू. समदं एकदम.

अप्पा उठले. म्हणले, पाणी आणतो. पाण्याचा तांब्या भरलेला त्यांच्या गुडघ्याला लागून व्हता.

अप्पा सैपाकघरात गेले ते लवकर आले न्हाईत. तेवढ्या येळात पुढचं सांगून टाकतो. काकू शिमगा बघू शकल्या न्हाईत. महेश आला, पर आला तवा बोलणं सरलं व्हतं. त्या पोथीची समाप्ती झाली न्हाई, शिरा कुणी केला न्हाई. पार्सलं येतेत आजूक, अप्पा ती उघडत न्हाईत, दुकानात ताग्यांच्या मागं रचून ठेवलीत. दुपारी शटर पुरं वर आसतं. अप्पा गादीवर बसून आसतेत, गिऱ्हाइकाशी मीटराचं तेवढं बोलतेत. कधी दुपारच्या येळंला मी जिन्याखालून उगाच हं म्हणतो. वरनं काय येत न्हाई. चुकून एखादी राखेची भुकटी येती.

तर त्या दुपारी. अप्पा आत, आन काकूनं मला बोटानं जवळ बोलवलं. मी खाटेशी बसलो. मला वाटलं शिव्या देतील, मी वाट बघायलतो शिव्यांची.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणल्या. आवाज नव्हताच, नुसता वारा. "साहेबाला भाकर वाढली, त्याच दिवशी कळलं. लिव्हणारं कुणी आपल्याकडली येसराची आमटी लिव्हतंय का?"

म्या इचारलं, मग सांगितलं कावून न्हाई?

"सांगितलं तर लाजून गप बसतील. जलमभर ह्यास्नी मनचं बोलता आलं न्हाई, मारोती. दुकानात मीटर, घरात पोथी. तू जेवलीस का, आसं एकदा इचारलं न्हाई मला. आता रोज इचारायलेत. साहेबाच्या तोंडानं, पर इचारायलेत." थोडा दम घेतला. "आन साहेब जेवला की मला बी दोन घास गेल्यावानी वाटतंय."

आत भांडं उगाच वाजत व्हतं. माझ्या नाकातनं पाणी यायला लागलं. म्या सदऱ्याच्या बाहीनं पुसलं, बाहीवर राख, तोंड काळं झालं आसणार. काकू बघून जराशा हसल्या.

अप्पा आले. हातात पेला व्हता, रिकामा. चौरंगाम्होरं बसले, पर पुस्तकाला हात लावंनात. डॉक्टर सापडलता. आता कायद्यानं घंटी वाजवायची आन पुस्तक मिटायचं, एवढंच ऱ्हायलतं. अप्पाचा हात घंटीपर्यंत गेला आन तिथंच अडकला.

"अवो," काकू म्हणल्या, ह्या बारीला आवाज काढून, कुठनं काढला देव जाणे. "ह्या बिनअकलीचं काय ऐकता? डॉक्टर न्हाई. डॉक्टर कसा आसंल? त्यो कुणाला बरं करू शकत न्हाई तर मारतोय कशाला."

अप्पानं घंटीवरनं हात मागं घेतला.

"वाचा म्होरं. साहेब ताटावर बसलाय. ताटावरच्या माणसाला उठवत नसतेत."

अप्पानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. पुस्तकावरच्या राखेला हात न लावता त्यांनी सूर लावला. आवाज फाटायलता, पर लावला. "आणि साहेबाने-ए पहिला घास मोडला-आ, आणि तो घास-अ, त्याने आपल्या पत्नीच्या मुखी दिला-आ."

आन थांबले.

मी खाली मुंडी घालून बसलो. अप्पा वाट बघायलते, साहेबाचा हात तसाच वर ऱ्हायलता.

काकूनं डोळे न उघडता म्हणलं, "मारत्या, हं म्हण की. दुसरं काय येतंय तुला?"